स्पंज वाइप: ओट्यासाठी एक नंबर, फक्त अस्सल आहे का ते बघून घ्या

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. घाईत असाल तर एवढंच वाचा: ओटा, शेगडी, डायनिंग टेबल, फ्रीजच्या आतल्या काचा यासाठी डोळे झाकून घ्या, फरशीला आणि गरम भांडी उचलायला घेऊ नका, आणि पाकिटावर सेल्युलोज (म्हणजे झाडाच्या तंतूंमधला मुख्य पदार्थ) हा शब्द कुठेच नसेल तर ते जिथून उचललं तिथेच परत लटकवा.

कशाबद्दल बोलतेय ते कळलं असेलच. तो चौकोनी जाडसर रुमाल हो, बारीक बारीक भोकांचा, निळा पिवळा गुलाबी हिरवा, तीनचं नाहीतर पाचचं पाकीट, किराणा मॉलमध्ये भांड्यांच्या साबणाशेजारी टांगलेलं असतं. कोणी स्पंज वाइप म्हणतं, कोणी स्पंजचं फडकं, आमच्या सासूबाई अजून मसोतंच म्हणतात आणि काही चूक नाही त्यात, काम तेच आहे. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण आमच्याकडे आलटून पालटून येतात, ज्याच्यावर ऑफर असेल तो, आणि खरं सेल्युलोज असेल तर कंपनी कंपनीत फार फरक मला तरी जाणवला नाही. जाडी थोडी कमीजास्त, रंग कमीजास्त, बस.

आता हा रुमाल लाकडाचा आहे असं सांगितलं की निम्म्या लोकांना खरं वाटत नाही. फोम असेल, प्लॅस्टिकचा स्पंज असेल असंच वाटतं सगळ्यांना. तर नाही, हा लाकडाचा लगदा आणि थोडा कापूस, साधारण सत्तर टक्के लगद्यातलं सेल्युलोज आणि तीस टक्के कापूस हे ठरलेलं प्रमाण, काही कंपन्या थोडं इकडे तिकडे करतात. स्वीडनमधे कर्ट लिंडक्विस्ट नावाच्या इंजिनीअरने १९४९ मध्ये हे काढलं, वेटेक्स नावाने ते तिकडे विकायला लागले आणि तिथल्या घराघरात गेलं. परदेशात राहणारी भाचरं हल्ली स्वीडिश डिशक्लॉथ म्हणून फुलाफुलांचे छापील रुमाल भेट म्हणून आणतात ना, तेच हे. आपल्याकडे दुकानात मिळणारा त्याचाच बिनफुलांचा भाऊ. त्यामुळे तिकडून आणायला सांगू नका कोणाला, बॅगेत त्या जागी दुसरं काहीतरी येईल.

आता परफॉर्मन्स. माझी परीक्षा एकच, दूध उतू जाणं. चहाचा डाग, वरणाचे थेंब हे कोणतंही फडकं पुसतं. दूध उतू गेलं की ते आधी शेगडीच्या काचेवर पसरतं, मग बर्नरच्या खालच्या खाचेत जातं, मग शेगडीच्या पायांखालून ओट्यावर येतं आणि आपण फडकं आणेपर्यंत ओट्याच्या कडेवरून खाली ट्रॉलीच्या हँडलवर ठिबकायला लागलेलं असतं. जुन्या बनियनचं फडकं काय करतं, दूध ढकलतं. म्हणजे थोडं शोषतं आणि बाकीचं या टोकाकडून त्या टोकाकडे नेतं, मग ते पिळा, परत पुसा, परत पिळा, आणि शेवटी ओट्यावर एक पांढुरका चिकट थर राहतोच जो वाळला की बोटाला लागतो. स्पंज वाइप ओला करून घट्ट पिळायचा आणि दुधावर नुसता ठेवायचा. घासायचा नाही, ठेवायचा. दूध खालून वर चढताना दिसतं, रुमालाचा रंग गडद होत जातो. उचलला की खाली ओटा जवळजवळ कोरडा. सिंकमध्ये पिळा, नळाखाली एकदा धरा, परत एक हात मारा, झालं. खाचेतलं काढायला याचा कोपरा दुमडून आत घालता येतो, जाडसर असल्यामुळे तो कोपरा वाकत नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडतं.

वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं. पिठाच्या काट्यावर ठेवून बघितलं, आधी कोरडा आणि मग पाण्यात बुडवून. दहापटीच्या वर आरामात जातो, म्हणजे जाहिरात अगदीच हवेत नाहीये.

एक मात्र नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी वैतागाल. हा सुकला की वाळलेल्या पापडासारखा कडक होतो. आमच्या मावशी पहिल्यांदा म्हणाल्या, ताई हे वाया गेलं, टाकून देऊ का कचऱ्यात. टाकायचं नाही, पाण्यात धरायचं, दोन सेकंदात मऊ होतं आणि आकाराने पण फुगतं. आणि कडक असताना तसाच ओट्यावर फिरवलात तर पाणी पुढे पळतं, शोषत नाही, मग लोक रिव्ह्यूत लिहितात की बेकार आहे, पाणीच ओढत नाही. ओला करून पिळून वापरायची वस्तू आहे ती. थोडा दमट असला की बाकीचं पाणी झपाट्याने ओढतो. हे पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण पाकिटामागचं कोण वाचतंय, मी वाचते कारण मला तो नाद आहे.

आणि त्या नादातूनच हा लगदा प्रकार काय आहे ते वाचत गेले, तर भारी निघालं. झाडात साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के सेल्युलोज असतं, पाव भागाच्या आसपास लिग्निन, म्हणजे ते सेल्युलोजचे तंतू एकमेकांना चिकटवून झाड ताठ उभं ठेवणारा पदार्थ, आणि बाकी इतर. लाकडाचे तुकडे करून रसायनात शिजवले की लिग्निन सुटं होऊन निघून जातं आणि तंतू उरतात, तो लगदा. लाकूड न शिजवता नुसतं दगडावर घासूनही लगदा होतो, ते जर्मनीत केलर नावाच्या माणसाने १८४४ च्या सुमाराला काढलं, स्वस्त पडतं पण लिग्निन आतच राहतं, म्हणून वर्तमानपत्राची रद्दी गच्चीत चार दिवस उन्हात राहिली की पिवळी पडते आणि चांगल्या वहीचं पान पडत नाही. आपल्याकडे बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ चा, चंद्रपूर गडचिरोलीच्या बांबूवर उभा राहिलेला, तर बांबूचासुद्धा असाच लगदा होतो. (त्या बांबूवर हक्क कोणाचा यावर गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाने जो लढा दिला आणि २०११ मध्ये बांबू विकायचा अधिकार स्वतःच्या हातात घेतला, ती गोष्ट वेगळीच आहे, शोधून वाचा, पण इथे ओट्याचा विषय आहे.)

स्पंज वाइपसाठी मात्र कागदाचा लगदा चालत नाही. त्याला नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज असलेला जास्त शुद्ध लगदा लागतो, रेयॉनच्या कापडाला जो लागतो तोच. कर्नाटकात हरिहरला निलगिरीपासून असा लगदा करतात. हा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, मग त्याच्यावर कार्बन डायसल्फाईड, की त्याचा नारिंगी रंगाचा घट्ट पाक होतो, त्यालाच व्हिस्कोस म्हणतात. हा पाक बारीक नळ्यांमधून आम्लात सोडला की धागा होतो, म्हणजे आपले रेयॉनचे कुर्ते. फटीतून पातळ सोडला की सेलोफेन, मिठाईच्या बॉक्सवरचा तो चुरचुर वाजणारा पारदर्शक कागद, अस्सल असेल तर. आणि स्पंज करायचा असेल तर त्या पाकात कापसाचे तंतू आणि सोडियम सल्फेटचे खडे मिसळतात, पसरतात, गरम करतात. सेल्युलोज परत घट्ट होतं आणि खडे विरघळून निघून जातात. म्हणजे तुमच्या रुमालातलं प्रत्येक भोक हे एकेका खड्याची रिकामी झालेली जागा आहे. मला हे वाचून इतकं भारी वाटलं की जेवताना सगळ्यांना सांगितलं, नवऱ्याने मोबाईलमधून मान वर न करता हं म्हटलं.

तर पाणी शोषण्यामागे दोन गोष्टी. एक ती भोकं. आणि दुसरं म्हणजे सेल्युलोजलाच पाण्याची ओढ आहे, ग्लुकोज एकामागोमाग जोडून झालेली लांबच लांब साखळी असते ती आणि तिच्यावर जागोजागी पाणी धरून ठेवणारे गट असतात. पॉलिस्टरमध्ये तशी ओढ नाही, मायक्रोफायबरचं फडकं, जे बहुतेक पॉलिस्टरचंच असतं, पाणी धरतं ते धाग्यांच्या मधल्या फटींमध्ये, धाग्याच्या आत नाही. म्हणून काच, आरसा, टीव्ही पुसायला मायक्रोफायबर मस्त, कोरडी धूळ उचलतं, पण सांडलेल्या वरणासमोर त्याचा टिकाव लागत नाही आणि तेलकट झालं की त्याचा वास जाता जात नाही.

आता कोणी म्हणेल की मग टॉयलेट पेपर पण लाकडाच्या लगद्याचाच, तो का विरघळतो पाण्यात. चांगला प्रश्न आहे. कागदात तंतू तसेच्या तसे असतात, नुसते एकमेकांवर वाळून धरलेले, पाणी लागलं की ती पकड सुटते. खिशातली नोट मशीनमध्ये धुऊन अख्खी निघते आणि तिच्याशेजारचं दुकानाचं बिल मात्र काळ्या पँटवर पांढरे गोळे होऊन चिकटतं, कारण नोटेचा कागद कापसाचा, लांब दणकट तंतूंचा, आणि बिल साध्या लगद्याचं. स्पंजमध्ये सेल्युलोज एकदा पाक होऊन परत घट्ट झालेलं असतं, वर कापसाचा आधार, त्यामुळे ओला असताना पिळला तरी फाटत नाही.

किचन रोलमध्ये ओलं असताना टिकावं म्हणून वेगळं रेझिन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ, घालतात, टॉयलेट पेपरमध्ये घालत नाहीत कारण तो पाण्यात सुटलाच पाहिजे. त्यामुळे किचन रोल किंवा तोंड पुसायचे टिश्यू कमोडमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. घरी करून बघा, दोन बाटल्यांत पाणी घ्या, एकात टॉयलेट पेपरचा तुकडा, एकात किचन रोलचा, झाकण लावून जोरात हलवा. एकात दाट गढूळ पाणी होतं, दुसऱ्यात तुकडा जसाच्या तसा तरंगतो. आमच्या सोसायटीत पाइप तुंबल्यावर मीटिंगमध्ये हे दाखवायला हवं होतं असं मला फार वाटलं पण मीटिंगला जाणं म्हणजे दोन तास गेले.

किचन रोलवर माझं मत स्पष्ट आहे. पुऱ्या, भजी काढायला, मासे धुतल्यावर कोरडे करायला ठीक. ओटा पुसायला रोल वापरणं म्हणजे पैसे आणि झाड दोन्ही एका पुसण्यात कचऱ्यात. ज्या घरी स्पंज वाइप नीट वापरतात तिथे रोल किती कमी लागतो ते स्वतःच बघा.

निगा. याच्यात बहुतेक लोक मार खातात.

हळद लागणारच. वरण, आमटी, मटणाचा रस्सा, काहीही पुसलं की पिवळा डाग पडतो, साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरतो. ती हळदीची सवय आहे, साबणाचा क्षार लागला की लाल होते, धुतली की परत पिवळी. घासत बसू नका. नुसता धुऊन कडक उन्हात टाका, ऊन लागलं की हळदीचा रंग उडतो, संध्याकाळपर्यंत डाग फिका, दुसऱ्या दिवशी शोधावा लागतो. ब्लीच अजिबात नको, क्लोरीनने सेल्युलोजच खराब होतं आणि रुमाल हातात तुटायला लागतो. फॅब्रिक कंडिशनर पण नको, त्याने पाणी शोषणं कमी होतं. मशीनमध्ये कपड्यांबरोबर चालतो, गरम पाण्यात चालतो, पातेल्यात थोडा खायचा सोडा टाकून उकळला तरी चालतो. ड्रायरमध्ये नको. आणि वापरून झालं की तसाच बोळा करून सिंकच्या कोपऱ्यात कोंबू नका, पिळा आणि नळावर पसरून ठेवा किंवा चिमट्याने दांडीला लावा. कोरडा झाला की वास नाही. हा पातळ असल्यामुळे पिवळ्या जाड स्पंजपेक्षा कितीतरी लवकर वाळतो, निदान आठ महिने.

उरलेले चार महिने वेगळा हिशोब. पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीत चादर वाळत नाही तिथे हे काय वाळणार. जुलैमध्ये दुसऱ्या तिसऱ्या दिवशी कुबट वास यायला लागतो, हात धुतले तरी बोटांना येतो. माझा उपाय म्हणजे दोन आळीपाळीने ठेवायचे, एक वापरात, एक पंख्याखाली, आणि एक दिवसाआड उकळायचे. कटकट आहे, नाही म्हणत नाही. पावसाळ्यात सासूबाई सरळ जुन्या सुती साडीच्या चौकोनी चिंध्या काढतात, रोज एक नवी, वास आला की मशीनमध्ये, आणि मी या मुद्द्यावर त्यांच्याशी वाद घालत नाही कारण त्या चार महिन्यांत त्यांचंच बरोबर असतं. तसंही तवा उतरवायला, कुकरचं झाकण धरायला सुती फडकंच पाहिजे. स्पंज ओला असतो, ओल्यातून चटका लगेच बसतो. गरम तव्याला लागला तर हा वितळत नाही प्लॅस्टिकसारखा, पण करपतो, कागद करपल्यासारखा तपकिरी.

आता मुख्य मुद्दा, अस्सल आणि नकली. मागे नणंदबाईंनी ऑनलाइन मागवून एक रोल दिला, बांबू फायबर, हंड्रेड पर्सेंट नॅचरल, धुऊन परत परत वापरा, हिरवी पानं काढलेलं पॅकिंग, किंमत नेहमीच्या पाकिटाच्या जवळजवळ दुप्पट. दिसायला सुंदर. पाण्यात घातला तर फुगला नाही, वाळला तर कडक झाला नाही. मला तेव्हाच शंका आली. कडेचा एक धागा काढला, सिंकवर चिमट्यात धरला आणि लायटर लावला. खरं सेल्युलोज कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा, मागे मऊ राखाडी राख, बोटाने उडून जाते. याचा धागा आधी ज्योतीपासून लांब आकसला, मग वितळला, आणि टोकाला कडक काळा मणी झाला, वास प्लॅस्टिकचा. म्हणजे निदान तो धागा तरी पॉलिस्टर. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं की मॅडम बांबू टेक्नॉलॉजी आहे. काय बोलणार. नणंदबाईंना काही सांगितलं नाही, रोल गाडी पुसायला दिला, तिथे तो बरा आहे.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये अॅमेझॉन, मेसीज, सीअर्स अशा दुकानांवर आणि २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्सवर रेयॉनच्या वस्तू बांबू म्हणून विकल्याबद्दल कारवाई केली, दुसऱ्या वेळी दोघांचा मिळून ५५ लाख डॉलर दंड. आणि त्या वस्तू निदान रेयॉन तरी होत्या, पॉलिस्टर नव्हत्या. बांबूचा लगदा करून, पाक करून धागा काढला की ते रेयॉनच, मग सुरुवात बांबूपासून केलेली असो की निलगिरीपासून. त्यामुळे बांबू शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

दुकानात लायटर तर लावू शकत नाही. तिथे एवढंच बघायचं, मागे घटकांत सेल्युलोज आणि कॉटन लिहिलंय का. नुसतं नॉन वोव्हन, सुपर ॲब्सॉर्बंट, इको असं लिहिलं असेल तर ठेवून द्या. घरी आल्यावर एक रात्र वाळवा. कडक झाला तर अस्सल, रबरासारखा मऊच राहिला तर फोम.

जुना झाला की काय, हा याचा सगळ्यात मोठा प्लस. नीट वापरला तर दोन-अडीच महिने ओट्यावर, मग कडा झिजतात, मधे विरळ होतो, मग तो बेसिनच्या ड्यूटीवर जातो, मग बाल्कनीचे ग्रिल, आणि शेवटी कात्रीने तुकडे करून कुंडीच्या कंपोस्टमध्ये. मातीत हे सेल्युलोज लवकर कुजतं, कापसापेक्षाही लवकर. मागच्या पावसाळ्यात टाकलेल्या तुकड्यांचे दिवाळीत कुंडी उकरली तेव्हा थोडे सुती धागे सापडले, बाकी काही नाही. फोमचा पिवळा स्पंज टाकून बघा, तो नातवंडांना सापडेल. फक्त ज्या रुमालाने फिनेल, ॲसिड वगैरे पुसलंय तो कंपोस्टमध्ये नको.

एकदा डोळा बसला की घरभर हाच लगदा दिसायला लागतो. आईस्क्रीमच्या डब्यावर स्टॅबिलायझरमध्ये ४६६ नंबर असेल तर तो सेल्युलोजपासून केलेला, बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून. टूथपेस्टमध्ये घट्टपणासाठी तोच. औषधाच्या बऱ्याचशा गोळ्यांमध्ये औषध असतं चिमूटभर आणि गोळीला आकार देणारी पावडर असते मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, तीही बहुतेक लगद्यातूनच येते. बाळाच्या डायपरमध्ये आणि सॅनिटरी पॅडमध्ये जो कापूस वाटतो तो बहुतेक वेळा कापूस नसतोच, पाइनच्या लाकडाचा पिंजलेला लगदा असतो, सोबत पाणी धरणारी रासायनिक पावडर. हे ऐकून धाकट्या जावेने विचारलं की मग आपण लाकूड खातोय का वहिनी. थोडंफार खातोय, आणि ते न पचता जसंच्या तसं बाहेर जातं, काळजी करू नकोस म्हटलं.

टपरीवरचा कागदी कप मात्र या कौतुकात धरू नका. आपल्याकडे २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर सगळीकडे कागदी कप आले, पण आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळेल. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात अशा कपात पंधरा मिनिटं गरम पाणी ठेवल्यावर १०० मिलीमध्ये २५ हजारांच्या आसपास प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आले होते. काचेचा ग्लास मागा, टपरीवाले दादा देतात.

आता कापलेला स्टार. वस्तूत खोट नाही, ती बनते कशी त्यात आहे. तो पाक करायला जे कार्बन डायसल्फाईड लागतं ते विषारी, पटकन पेट घेणारं, आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर मज्जासंस्थेवर परिणाम करणारं रसायन आहे. ही पद्धत १८९२ ची, आणि रेयॉन कामगारांच्या आजारपणाचा इतिहास जवळजवळ तितकाच जुना. आमच्या इथून कल्याणच्या पुढचं स्टेशन शहाड, तिथे रेयॉनचा जुना कारखाना आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले तेव्हा बातम्यांमध्ये याच रसायनाचं नाव होतं. केरळात चालियार नदीकाठी मावूरला बांबूपासून रेयॉनचा लगदा करणारा कारखाना होता, नदीच्या प्रदूषणावरून लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, शेवटी बंद पडला. कापडात आता लायोसेल आलंय, त्यात हे रसायन नाही, दुसरं द्रावण वापरतात आणि ते जवळजवळ सगळं परत वापरता येतं. स्पंज वाइपच्या पाकिटावर मात्र लगदा कुठल्या झाडाचा, कुठून आला, कारखान्यात ते रसायन परत गोळा करतात की हवेत सोडतात, यातलं एक अक्षर मी अजून वाचलेलं नाही. मागे हिरवं पान छापायला जागा असते, याला नसते. आणि जी वस्तू कुंडीत कुजते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत परत प्रत्येक रुमालाला वेगळं प्लॅस्टिक, हे कशाला. हे सुधारलं तर पाचवा स्टार माझ्याकडून लगेच.

किंमत म्हणाल तर पाचचं पाकीट साधारण दोनशेच्या आसपास पडतं, ऑफरमध्ये कमी. महाग वाटतं पहिल्यांदा, पण एका कामाला एकावेळी एकच काढायचा, बाकीचे ठेवून द्यायचे, सगळे एकदम काढले तर घरात सगळेच खराब करतात. रंग वाटून घ्या, आमच्याकडे निळा ओट्याचा, पिवळा टेबलाचा, गुलाबी बेसिनचा, आणि मासे-मटणाचा हिरवा वेगळा, तो कशालाच लावायचा नाही. मोठ्या आकाराचा, म्हणजे ओट्याच्या पूर्ण रुंदीवर एका हातात फिरेल असा कोणाला कुठे मिळाला असेल तर खाली लिहा, मला दुकानात दिसला नाहीये.